चुन्याची बोटं

"कड्यावरून पडल्या का हो?"

उषाताई जाऊन आता काही आठवडे झाले, आणि हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की दुकानाच्या दारावर पाटीच लावावी असं वाटतं... नाही, पडल्या नाहीत. सगळं आयुष्य कड्यांना लोंबकळत काढलेली ही बाई नाशिक रोडच्या आपल्या घरात, खिडकीजवळच्या खुर्चीत, सकाळी शांतपणे गेली. फुप्फुसं थकली होती, वर्षभर औषधं चालू होती, डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलेलं होतं. हे ऐकल्यावर विचारणाऱ्याचा चेहरा जरा उतरतो, कारण त्याला काहीतरी थरारक हवं असतं. मला मात्र त्या खुर्चीतल्या जाण्याचं फार बरं वाटतं. एवढी वर्षं मी खालून त्यांचा दोर धरला आणि माझ्या हातून त्या कधी पडल्या नाहीत, एवढं तरी मला छातीठोक म्हणता येतं.

त्यांची भाची केतकी हिचा फोन आला तेव्हा दुकानात एक सुतार बिजागऱ्या निवडत उभा होता. "काका, मावशी गेली," एवढंच ती म्हणाली. मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. सुताराला बिजागऱ्या दिल्या, त्याच्या मापाचे स्क्रू शोधून दिले, कुठल्या कंपनीची कडी टिकते यावर त्याच्याशी नेहमीसारखी हुज्जतही घातली. तो गेल्यावर शटर ओढलं. भरदिवसा शटर पडलेलं पाहून शेजारचा दुकानदार धावत आला, "घरचं कोणी?" म्हणून विचारू लागला. मी हो म्हणालो. ते काही खोटं नव्हतं.

शेवटची भेट त्याच्या थोडंच आधी, दसऱ्याला झाली होती. आमच्या हार्डवेअरवाल्यांच्या दुकानात दसऱ्याला तराजू, पाने, पकडी, सगळ्यांची पूजा होते. उषाताई दर वर्षी आपली हातोडी, ड्रिल, दोर अडकवायच्या आकड्यांचा, कॅराबिनरचा, जुडगा आणि गुंडाळलेला दोर घेऊन यायच्या आणि माझ्या पान्यांच्या शेजारी मांडायच्या. हातोडीला हळदकुंकू लावायच्या, दोराला मात्र लावू द्यायच्या नाहीत. दोराला काहीही लागलेलं चालत नाही म्हणे, देवाचंसुद्धा. या वर्षी त्यांना जिना उतरवेना, म्हणून हत्यारं केतकीने दुकानात आणून दिली आणि पूजा झाल्यावर मीच पेढे घेऊन वर गेलो. खुर्चीत बसून त्यांनी मला विचारलं, "राजाभाऊ, माझ्या हातोडीला फूल वाहिलंत का?" मी म्हणालो, वाहिलं. "झेंडूचं?" म्हणालो, झेंडूचंच. मग त्या डोळे मिटून बराच वेळ बसल्या. मला वाटलं झोप लागली, म्हणून हळूच उठायला लागलो, तर डोळे न उघडता म्हणाल्या, "गुडघ्यांचा आवाज येतोय तुमच्या. तेल लावत जा." शेवटचं बोलणं म्हणून सांगावं असं हे काही नाही... पण तेच झालं.

आमची ओळख गंजलेल्या लोखंडामुळे झाली. तेव्हा त्या एका शाळेत गणित शिकवायच्या आणि मी वडिलांच्या हाताखाली नुकता काउंटरवर उभा राहू लागलो होतो. एके दिवशी साडी नेसलेली, पाठीला सॅक लावलेली ही बाई आली आणि रुमालात बांधलेला एक बोल्ट माझ्यासमोर ठेवला. गंजून त्याचा निम्मा भाग गेला होता. "हा कुठून काढला?" मी विचारलं. "कड्यातून," त्या म्हणाल्या. "असा नवा द्या, पण न गंजणारा." मी भिंतीत मारायचे साधे अँकर बोल्ट काढून दिले. आठवड्याने सगळे परत आले. त्यांनी ते पाण्यात घालून ठेवले होते, आणि त्यांवर तांबूस डाग आला होता. मी म्हणालो, "अहो ताई, गीझर टांगायला एवढं चालतं." त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, याला माणूस टांगायचा आहे."  तोवर मी हजारो बोल्ट विकले असतील, पण त्याच्या दुसऱ्या टोकाला काय लटकतं हे कधी मनात आलं नव्हतं. मुंबईहून चांगल्या प्रतीचं स्टेनलेस मागवून दिलं, आणि ते नीट बसलं की नाही हे बघायला एका रविवारी त्यांच्याबरोबर गेलो. तो रविवार काही संपला नाही, असंच म्हणावं लागेल.

घारकडा त्र्यंबकच्या बाजूला आहे. फार उंच नाही. किल्ला नाही, लेणी नाहीत, देऊळ नाही, त्यामुळे कोणी तिकडे फिरकत नाही. पायथ्याला दहा-पंधरा घरांचा पाडा, भाताची खाचरं, नागलीचे उतार, आणि मागे हा काळा कातळ. कोणे काळी कुणा गिर्यारोहकांनी त्यात बोल्ट ठोकून चढाईच्या वाटा बसवल्या आणि विसरून गेले. लोखंड तिथेच गंजत राहिलं. उषाताईंनी ते एकेक काढून त्या जागी नवं घालायचं काम अंगावर घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पैसे देत नव्हतं. पायवाट पावसात वाहून जायची, तिला दगड लावायच्या. चढायला येणारी मुलं बिस्किटांचे कागद टाकून जायची, ते गोळा करायच्या, आणि पुढच्या रविवारी त्याच मुलांच्या हातात ती पिशवी द्यायच्या. घारी अंडी घालायच्या दिवसांत कड्याचा मधला भाग बंद ठेवायच्या. बंद म्हणजे काय, तर खाली सतरंजी टाकून त्या स्वतः बसायच्या, पेपर तपासत. कोणी दोर घेऊन आलं की चष्म्यावरून फक्त बघायच्या. त्या बघण्यापुढे चांगले दाढीमिशावाले परत फिरलेले मी पाहिलेत.

मला त्यांनी दोर धरायला शिकवलं. चढणारा वर, दोर त्याच्या कमरेला, आणि दुसरं टोक खाली उभ्या असलेल्याच्या हातात. तो पडला तर खालच्याने रोखायचं. बस्स. मी आयुष्यात कड्यावर पुरुषभर उंचीच्या वर गेलेलो नाही, मला चक्कर येते. पण दोर मी झकास धरतो, असं त्याच म्हणायच्या. एरवी त्या मला 'राजाभाऊ, तुम्ही' म्हणायच्या. कड्यावर मात्र "राजा, दोर दे! दे म्हणते ना, झोपलास का?" असा पुकारा व्हायचा. वर 'अहो-जाहो' करायला दम कुठून आणायचा, हे त्यांचं म्हणणं. माझी बायको सुनीता पहिल्यांदा आली तेव्हा हे ऐकून हसून बेजार झाली. "घरी मी अशी ओरडले असते तर?" म्हणाली. नंतर दोघींचं असं मेतकूट जमलं की रविवारचा डबा माझ्या नावाने निघायचा आणि त्यातली थालीपिठं उषाताईंच्या आवडीची असायची.

त्यांचं सगळ्यांत मोठं वेड म्हणजे पांढरे डाग. हाताला घाम येऊ नये म्हणून चढणारे बोटांना पांढरी पूड लावतात. तिचे ठसे कातळावर राहतात, आणि पुढे आलेल्या कपारीखाली तर पाऊसही लागत नाही, म्हणून वर्षानुवर्षं राहतात. काही जण पुढची पकड कुठे आहे ते कळावं म्हणून मुद्दाम खुणाही करून ठेवतात. उषाताईंना त्याचा विलक्षण संताप. "दगड त्याचा आहे, आपण पाहुणे. पाहुण्याने जाताना आपलं ताट उचलून जावं," असं म्हणायच्या. म्हणून दर वर्षी संक्रांतीनंतर एका रविवारी साफसफाई असायची. नायलॉनचे ब्रश, पाण्याच्या बाटल्या, आणि दिवसभर कातळ घासायचा. ब्रश अर्थात माझ्या दुकानातले.

आणि एक त्यांचं स्वतःचं होतं. कड्याच्या डाव्या अंगाला एक सरळसोट भिंत आहे. तिथे त्यांनी एक नवी वाट बसवली होती, पूर्ण स्वतःच्या हाताने, मशीन न वापरता. एका हातात छिन्नीसारखं ड्रिल, एका हातात हातोडी, ठोका-फिरवा, ठोका-फिरवा. एका भोकाला सकाळ जायची. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्ट्यांत हे काम चालायचं, कितीतरी वर्षं, म्हणून त्या वाटेचं नाव त्यांनी 'सुट्टी' ठेवलं. ती बसवून झाली तेव्हा त्या पन्नाशीच्या पुढे होत्या. बसवणं वेगळं आणि चढणं वेगळं. मध्ये एके ठिकाणी धरायला नखाएवढी कडच तेवढी होती, आणि तिथे दर वेळी त्या दोरावर यायच्या. एकदा, फक्त एकदा, दोरावर न लटकता खालपासून वरपर्यंत जायचं, एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती. मला त्यांनी तसं बोलून दाखवलं होतं, आणि ज्या बाईने आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलं नाही तिच्या तोंडून ते ऐकताना मला कसंसंच झालं होतं. निवृत्त झाल्या त्या हिवाळ्यात ती जागा जमायला लागली होती. "राजाभाऊ, पावसाच्या आत," त्या म्हणाल्या.

त्या वर्षीच्या साफसफाईला माणसं फार आली. उत्साहाच्या भरात आम्ही एरवी जात नव्हतो त्या कोपऱ्यातही गेलो, 'सुट्टी'च्याही पलीकडे, जिथे कातळ छपरासारखा पुढे आलाय. तिथे वर आग्या मोहोळं लागतात, म्हणून चढायला कोणी जात नाही. खाली भिंतीवर, डोक्याच्या उंचीला, पांढरी बोटं दिसली. कुठे दोन, कुठे तीन, कुठे चार. उषाताईंचा पारा चढला. "मोहोळं असताना इथे कोण मरायला आलं होतं? आणि वर खुणा करून ठेवल्यात!" दुसऱ्या कुणाला हात लावू न देता त्यांनी स्वतः ब्रश घेतला आणि घासघासून भिंत काळीभोर केली. काही डाग निघता निघत नव्हते. "आता पूडसुद्धा भेसळीची यायला लागली," असं मी म्हणालो, आणि सगळे हसले.

ती पूड नव्हती, चुना होता.

पाड्यातली घरं त्या मोहोळांचा मध काढतात. मोहोळं दर साली जागा बदलतात, म्हणून दिवाळीनंतर ती लागली की पाड्यातला जाणता माणूस वाटणी करतो आणि ज्याचं मोहोळ त्याच्या घराची बोटं चुन्यात बुडवून खाली उमटवतो. कुणाच्या घराला दोन बोटं, कुणाच्या तीन. उन्हाळ्यात मध काढेपर्यंत त्या बोटांवर कोणी शब्द काढत नाही. त्या साली वाटणी केली ती पाड्यातल्या जनाआजीच्या नवऱ्याने, आणि पौषात तो म्हातारा गेला. म्हणजे ती बोटं हीच त्याची शेवटची वाटणी होती. आम्ही ती पुसली, आणि पाणी घालून पुसली.

चैत्रात मध काढायची वेळ आली तेव्हा सगळ्यांत मोठ्या मोहोळासाठी जनाआजीचा मुलगा काळू आणि त्याचा चुलतभाऊ लहानू एकमेकांच्या अंगावर गेले. दोघेही खोटं बोलत नव्हते. म्हाताऱ्याने आपलंच नाव घेतलं असं दोघांनाही मनापासून वाटत होतं. बोलणं बंद झालं. त्या पावसाळ्यात भाताच्या चिखलणीला त्या दोन घरांनी एकमेकांना बैल दिले नाहीत, आणि लहानूची लावणी मागे पडली. आपण काय पुसलं ते आम्हाला कळलं होतं पावसाच्या आधीच, चैत्रातल्याच एका रविवारी. कड्याच्या पायवाटेवर करवंदीची काटेरी फांदी, काटी, आडवी टाकलेली होती. शेजारी जनाआजी बसली होती. ही आजी मूळचीच फटकळ, उषाताईंना तोंडावर 'मास्तरीण' म्हणायची.

"तुमी पोरांचं पुसता त्ये पुसा," ती म्हणाली. "माज्या म्हाताऱ्याची बोटं का पुसली वं मास्तरीण? त्येचं तेवडंच ऱ्हायलं व्हतं."

 उषाताईंनी हात जोडले. आजीने तोंड फिरवलं.

आमच्यातली तरुण मंडळी पुढे झाली. जमीन वनखात्याची आहे, काटी टाकणारे हे कोण, बाजूने जाऊ या. काटी लहानशी होती, खरंच पाऊल उचललं की पार. उषाताई त्यांच्यावर ज्या ओरडल्या तसं मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "दार लावलंय ते. दिसत नाही?" म्हणाल्या. आणि दोर सॅकमध्ये भरून परत निघाल्या.  गाडीत मी हळूच म्हणालो, "ताई, चूक कोणाच्याही हातून होते." त्या म्हणाल्या, "कोणाच्याही नाही हो. माझ्याच हातून होणारी होती."

मग दोन वर्षं त्या कड्याला हात लागला नाही. मला त्या दोन वर्षांचा फार राग आहे, अजूनही. वयाच्या त्या टप्प्यावर दोन वर्षं म्हणजे काय, हे चढणाऱ्याला विचारा. बोटांतली ताकद जाते ती परत येत नाही. त्यांना दुसरे कडे होते, लोक बोलवत होते. पण रविवार आला की त्या घारकड्याला जायच्या, काटीपर्यंत. तिथे बसायच्या, सोबत आणलेला चहा प्यायच्या, वाटेतले कागद उचलायच्या आणि परत यायच्या. मी चिडून म्हणालो होतो, "यानं काय साध्य होणार?" त्या म्हणाल्या, "काही नाही. पण दार बंद आहे म्हणून पाहुण्याने गावच सोडलं, असं नको." सुरुवातीला पाड्यातलं कोणी फिरकायचं नाही. पुढे आजी दळणाचं सूप घेऊन थोड्या अंतरावर येऊन बसू लागली. दोघी बोलायच्या नाहीत. एकदा आजीने विचारलं, "तुला घरी कोन नाय का वं?" उषाताई म्हणाल्या, "आहे. भाची आहे. आणि हा आहे, ओझं वाहायला." आजीने मला खालीवर बघितलं आणि म्हणाली, "ह्यो? ह्यो तर दोन पावलांत दमतो." त्या दिवशी दोघी पहिल्यांदा हसल्या, माझ्या जिवावर का होईना.

तिसऱ्या दिवाळीनंतर काळू स्वतः माझ्या दुकानात आला. मधल्या दोन्ही साली सगळ्यांत मोठ्या मोहोळाला कोणी हात लावला नव्हता, दोन्ही घरं ताणून धरून थकली होती. आता आजी स्वतः वाटणी करणार होती. पण बोटं लागताना साक्षीला दोन्ही घरांबाहेरचं माणूस हवं होतं. "आई म्हन्ते, जिनं पुसली तिलाच उभी करा. ती आता ईसरायची नाय." आणि आणखी एक गोष्ट होती, ती सांगताना तो माझ्याकडे न बघता खिळ्यांच्या डब्याकडे बघत होता. "त्या डाव्या अंगाचं लोखंड तेवडं काढा म्हनावं. ठोकाठोकीनं माशी बिथरती."

डाव्या अंगाचं लोखंड म्हणजे 'सुट्टी'.

हे उषाताईंना सांगायला मी संध्याकाळी गेलो. जाताना मनात शंभर युक्त्या होत्या. ठोकाठोकी तर केव्हाच संपली होती, आता नुसतं चढायचं होतं; मोहोळं नसताना चढलं तर काय बिघडतं; आजीला समजावता येईल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि उठून सॅक काढली. मोठा पाना आहे का, एवढं विचारलं. मी म्हणालो, "ताई, काढायच्या आधी एकदा चढून तर घ्या. मी दोर धरतो. कोणी नाही म्हणणार नाही." त्या सॅक हातात घेऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "चढून झालं तर मला ते काढवणार नाही, राजाभाऊ. आणि नाही जमलं, तर त्याहून काढवणार नाही."

आम्ही गेलो. काटी बाजूला ठेवलेली होती. त्या वरून दोरावर उतरत उतरत एकेक बोल्ट काढत आल्या. आपल्याच हाताने वर्षानुवर्षं बसवलेलं ते सगळं एका दिवसात निघालं. मी खालून दोर सोडत होतो. त्या अवघड जागेपाशी त्या थांबल्या, पाना कमरेला अडकवला, आणि ती नखाएवढी कड बोटांनी नुसती धरून बघितली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. "दोर देऊ का?" असं मी एकदा विचारलं, तर वरून आवाज आला, "थांब जरा, राजा."  मी थांबलो. भोकं उघडी सोडायची नव्हती. कड्याखालच्याच दगडाचा भुगा करून तो इपॉक्सी गोंदात कालवला होता. तो त्या प्रत्येक भोकात भरत आल्या आणि अंगठ्याने दाबत आल्या. खाली उतरल्या तेव्हा बोटं काळी झालेली. "झालं," म्हणाल्या, आणि डबा उघडून माझ्या वाटचं थालीपीठ खाल्लं.

त्यानंतर दर दिवाळीनंतर त्या साक्षीला उभ्या राहिल्या. कड्याच्या उजव्या अंगाला चढायला परवानगी मिळाली, नवी मुलं आली, पायवाटेला दगड लागत राहिले. साफसफाईच्या दिवशी छपराखाली जायचं नाही, हे आता प्रत्येकाला तोंडपाठ आहे. 'सुट्टी'चं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मी मात्र काढायचो. मी कोत्या मनाचा माणूस आहे, मला वाटायचं की ह्यांनी दिलं ते फार मोठं होतं आणि पाड्यातल्या कुणालाच ते कळलं नाही. एकदा तसं बोललोही. त्या म्हणाल्या, "त्यांना का कळावं? मला तरी त्यांचं कुठे कळलं होतं?" आणि विषय बदलला.

यंदा दिवाळी झाल्यावर काळूचा फोन आला. बातमी त्यांना कळलेली होती. "आई म्हन्ते, साक्षीला आता तुमी या." मी म्हणालो, माझे गुडघे... तो म्हणाला, "डोली करू का?" मागून आजीचा आवाज आला, दम देणारा. मी आणि केतकी गेलो. आजी आता पार वाकलीय, लहानूच्या खांद्याला धरून वर आली. चुन्याचं मडकं काळूच्या हातात. छपराखाली मोहोळं लागली होती, त्यांचा घुमारा खालपर्यंत येत होता, म्हणून सगळं हळू आवाजात चालतं. साक्षीदाराचं काम सोपं असतं. बोटं उमटली की आजी तुमच्याकडे बघते, आणि तुम्ही 'पाहिलं' म्हणायचं. ते म्हटलं की वर्षभर ते बदलत नाही. इतकी वर्षं हे मी लांबून बघत आलो होतो, दगडावर बसून, आणि त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

काळूच्या घराची बोटं लागली. मी पाहिलं म्हणालो. लहानूच्या घराची लागली. म्हणालो. बाकीची घरं झाली. छपराच्या अगदी उजव्या टोकाला एक मोहोळ उरलं, फार मोठं नाही, जिथे 'सुट्टी' वर संपायची तिथेच लागलेलं. आजी सरकत सरकत त्याच्याखाली गेली. लहानू म्हणाला, "काकी, झाली की समदी घरं. ह्ये कुनाचं?"

 आजीने चार बोटं चुन्यात बुडवली आणि थांबली. मग केतकीला विचारलं, "कंचं बोट म्होरं करून दगड चाचपायची गं ती?" केतकीला सांगता येईना. मला येत होतं. मी म्हणालो, अंगठा. आधी अंगठ्याने चाचपायच्या, मग बाकीची.

आजीने बोटं पुसली, अंगठा बुडवला, आणि तो कातळावर असा काही दाबला की पांढरं पाणी मनगटापर्यंत ओघळलं.

"तिचं घर नाय ना पन हितं," लहानू हळूच म्हणाला. वाद घालण्यासाठी नाही, नुसतंच.

"मंग ह्ये काय हाय?" आजी म्हणाली. "ह्येचा मध कोनी काढायचा नाय. माशी खाईल. तिनं सोडलं व्हतं, आता आपन सोडू."

आणि तिने माझ्याकडे बघितलं. मला एकच शब्द बोलायचा होता.  वर मोहोळ घुमत होतं, केतकी खाली बघत होती, काळू मडकं धरून उभा होता. कोणी घाई केली नाही. आजी तशीच, ओला अंगठा वर धरून, माझ्यासाठी थांबून राहिली.

पाहिलं, मी म्हणालो.